परतीची फळी

१

वडगावच्या बाजारपेठेत 'इकबाल रेडिओ हाऊस' आहे. नाव रेडिओचं असलं तरी तिथे रेडिओ आणून देणारं माणूस शोधूनही सापडणार नाही. मिक्सर येतात, देवळातले अँप्लिफायर येतात आणि अलीकडे, कुणाकुणाकडून ऐकून, जुने डिस्कवाले व्हिडिओ गेम येतात. दुकानात शिरलं की डाव्या हाताला डोक्याच्या उंचीवर एक लाकडी फळी दिसते. तिच्यावर इकबालभाईंनी स्वतःच्या हातानं रंगवलंय : 'परत आलेला माल'. दुरुस्त करून दिलेली वस्तू परत आली, तर ती इथं, सगळ्यांच्या नजरेसमोर ठेवायची, हा दुकानाचा नियम.

एक्केचाळीस वर्षं ती फळी रिकामी होती. एवढ्या वर्षांत काहीच परत आलं नाही यावर बाजारातल्या दोन-चार जणांचा विश्वास नव्हता, पण फळीवर काही नाही हे त्यांनाही दिसत होतं. इकबालभाई रोज सकाळी ती फडक्यानं पुसायचे आणि नवं गिऱ्हाईक आलं की मुद्दाम तिच्याखाली उभं करायचे.

गुरुवारी सकाळी कान्हे गावच्या अमृतनं त्या फळीवर आपला काळा गेम आणून ठेवला. ठेवला कसला, आपटलाच.

"मंगळवारी दिलात आन् बुधवारी बंद. ह्याला दुरुस्ती म्हनत्यात व्हय, ताई?"

गुलनाजच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला. इकबालभाईंची मुलगी ती. वडिलांचे हात थरथरायला लागल्यापासून, म्हणजे गेली नऊ वर्षं, बाकड्याशी असलेली खुर्ची तिची होती. 

"काय होतंय?"

"तेच, पयल्यासारखं. घर्रर्र करतंय आन् डिस्क वाचता येत न्हाई म्हनतंय. टेसनाजवळच्या गोरखला दावलं, तर त्यो म्हनला, इकबालकडं जुनेच पार्ट घालत्यात." अमृत तळेगावच्या कारखान्यात फिटर होता. भांडायला आला नव्हता, पण रागावलेला होता. "चाचा, तुमच्या नावावर इस्वास ठिवून आनला व्हता."

इकबालभाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. 

गुलनाजनं मशीन उचलून उलटं केलं. खालच्या बाजूच्या एका स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता, अर्धा स्क्रूवर, अर्धा प्लास्टिकवर. काम संपलं की ती शेवटी हा ठिपका द्यायची. स्क्रू फिरवला की ठिपका फुटतो, आणि एकदा फुटलेला ठिपका कुणाच्या बापाला जोडता येत नाही. ठिपका शाबूत होता.

"बघा," ती ताठ मानेनं म्हणाली, "मी बंद केल्यानंतर हे कुणी उघडलेलंच नाही."

बोलून झाल्यावर तिला आपण काय बोललो ते कळलं. अमृतलाही कळलं.

"मंग आत जे काय आसंल," तो म्हणाला, "ते तुमच्याच दुकानातलं."

आता उघडण्यावाचून इलाज नव्हता. ठिपका फोडून तिनं झाकण काढलं, ड्राइव्हवरचा पत्रा उचलला. डिस्क वाचणाऱ्या भिंगाला या दुकानात 'डोळा' म्हणतात. जुन्या रेडिओत स्टेशन नीट लागलं की एक हिरवा दिवा उजळायचा, त्याला इकबालभाई डोळा म्हणायचे, तोच शब्द पुढे चालू राहिला. सोमवारी गुलनाजनं हा डोळा नवा बसवला होता. त्याच्यावर आता काळी पूड होती. बारीक, काजळासारखी.

इकबालभाई उठले. बोटाच्या टोकावर चिमूटभर पूड घेऊन त्यांनी नाकाशी नेली.

"तंबाखू आहे," ते म्हणाले.

आणि दुकानातल्या सगळ्यांनी इर्शादकडे पाहिलं.

२

इर्शाद गुलनाजचा धाकटा भाऊ, सत्तावीस वर्षांचा. तंबाखू-चुना मळण्यात त्याची आठ वर्षं गेली होती. पाच महिन्यांपूर्वी त्यानं आईच्या, जैतुनबींच्या, पायाला हात लावून शपथ घेतली, तेव्हा कुठे इकबालभाईंनी त्याला बाकड्याशी दुसरी खुर्ची दिली. सोमवारी गेमचे स्क्रू त्यानं आवळले होते. मंगळवारी स्कूटरवरून कान्ह्याला पोचवायलाही तोच गेला होता.

"आपा, अम्मीची शपथ. पाच महिन्यांत चिमूटभरसुद्धा नाही."

"मला नको सांगू. अब्बांना सांग."

"ते माझ्याकडे बघतच नाहीत."

इकबालभाई फळीकडे बघत होते. त्यांनी निकाल दिला तोही फळीकडे बघतच. "उद्या संध्याकाळपर्यंत वेळ आहे. खरं काय ते कळलं तर ठीक. नाहीतर यानं दुसरीकडे काम बघावं. आणि ही फळी मी माझ्या हातानं उतरवीन."

अमृत दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं वचन घेऊन कामावर गेला. इर्शाद खुर्चीवर न बसता दाराशी उभा राहिला. ते बघून गुलनाजला वडिलांचा राग आला आणि भावाचाही आला. पण सगळ्यात जास्त राग तिला त्या काळ्या पुडीचा आला होता. तिनं टेबलावरचा दिवा ओढला आणि भिंग स्वतःच्या डोळ्याला लावलं.

हे मशीन तिला पाठ होतं. सोमवारचं काम आठवायला चिठ्ठी लागत नव्हती. ट्रे अडकत होता, कारण आतला रबरी पट्टा ढिला झाला होता. तसला पट्टा आता कुठे मिळत नाही. तिनं वडिलांच्या डब्यातून टेपरेकॉर्डरचा पट्टा काढून बसवला आणि तो असा बसला की जणू त्याच्यासाठीच केला होता. मग डोळा बदलला. तो ज्या दांड्यांवरून सरकतो त्यांना पांढरं ग्रीस लावलं. शेवटी दहा वेळा ट्रे उघडून, दहा वेळा मिटून, दहाही वेळा डिस्क वाचली, तेव्हाच ठिपका दिला. हा दहाचा नियम वडिलांचा.

पूड तेव्हा आत असती तर पहिल्याच खेपेला मशीन अडलं असतं. दहा वेळा अडलं नाही. म्हणजे पूड नंतर आली. पण ठिपका तर शाबूत होता!

"इर्शाद, इकडे ये. बघ, पूड कुठे कुठे आहे?"

"डोळ्यावर."

"अजून?"

तो वाकला. "कडेच्या भिंतींवर आहे. वरच्या पत्र्याला पण चिकटलीय."

"तुझ्या हातून पडली असती तर कुठे पडली असती?"

"खाली. तळाला." इर्शादचा आवाज जरा उघडला. "ग्रीसमध्ये रुतली असती."

तळाला जवळजवळ काही नव्हतं. पूड गोलाकार उडाली होती, डिस्कची कड जिथे फिरते बरोबर त्या उंचीवर. लग्नाच्या मांडवात ओल्या केसांचं कुत्रं अंग झाडतं तेव्हा आजूबाजूच्यांचं जे होतं, तसं त्या भिंतींचं झालं होतं. फिरणाऱ्या कशानं तरी ती भिरकावली होती.

"या घराला एकच दार आहे," गुलनाज म्हणाली, "ट्रे. आणि त्यातून आत जाणारा पाहुणाही एकच."

"डिस्क!"

तिनं अमृतला फोन लावला. घरी गेल्यावर कोणती डिस्क लावली? क्रिकेटची, तो म्हणाला, एकच लावली, ती काढून मशीनबरोबरच दिलीय, बघा. तिनं बघितली. आरशासारखी लख्ख होती, फक्त कडेला थोडी काळी झाक. म्हणजे अमृतची डिस्क पूड घेऊन गेली नव्हती, आत असलेली पूडच तिला लागली होती.

तिच्याआधी त्या घरात दुसरी कोणती तरी डिस्क फिरून गेली होती, आणि अमृतला तिचा पत्ताच नव्हता.

३

शुक्रवारी सकाळी गुलनाज स्कूटर काढून कान्ह्याला गेली. स्टेशनाच्या रस्त्यावर गोरखचं मोबाइलचं दुकान. गोरख एके काळी इकबालभाईंकडे शिकायला होता. दोन महिन्यांत दहाचा नियम त्याच्या डोक्यात गेला आणि त्यानं काम सोडलं.

"ये ये, गुलनाज. पार्ट पायजे का?"

"पार्ट नको. जुने पार्ट घालतो आम्ही, असं ऐकलं. तुझ्याकडून."

गोरखनं काउंटरची काच उगाच पुसली. "म्हनलं आसंल. धंदा हाये. आन् त्या मशीनला माझ्याकडं गिऱ्हाईक व्हतं, आमरूत इकायला तयार झाला तर. खोटं कशाला बोलू?"

खोटं न बोलायचं एवढं कौतुक असलेला माणूस ती पहिल्यांदाच बघत होती. "उघडलंस का?"

"खुळा हाय का मी? तुझा लाल ठिपका फोडला आसता तर तू माझ्याच नावानं बोंब मारली आसती. एक गान्याची डिस्क टाकून बगितली, फिरली न्हाई, काडली. बास."

"ट्रे बाहेर आला तेव्हा काही दिसलं?"

"दिसलं न्हाई, पन दोन शिंका आल्या. जळका वास व्हता. मी म्हनलं, मोटर गेली."

 मोटर तिनं काल रात्री जेवणाआधी तपासली होती, ती ठणठणीत होती. मग जळलं काय? अब्बा म्हणाले तंबाखू, गोरख म्हणतो जळकं. इर्शादची तंबाखू कच्ची, पिवळट, आणि चुन्याशिवाय ती त्याच्या तोंडात जात नसे. या पुडीत पांढरा कण नव्हता. विडीची राख म्हणावी तर ती करडी असते.

दोघांची नाकं खरी असतील, तर ही भाजलेली तंबाखू होती. तिला दुसरी एक गोष्ट आठवली. मशीनबरोबर हातात धरायचा कंट्रोलर आला होता. तो तिनं फुकटात पुसून दिला होता. त्याचं एकच बटण झिजून गुळगुळीत झालं होतं, आणि त्या बटणाच्या खाचेत काळी रेघ होती. मळ म्हणून तिनं ती टाचणीनं कोरून काढली होती. क्रिकेट खेळणाऱ्याची सगळी बटणं सारखी झिजतात. एकच बटण झिजतं ते गाडी पळवणाऱ्याचं, कारण ॲक्सिलरेटर सोडायचाच नसतो.

अमृतच्या घरात गाडी पळवत होतं कोण?

४

अमृतचं घर रुळांच्या पलीकडे. त्याची बायको सविता ओट्यावर कपडे वाळत घालत होती.

"मला इचाराल तर बंदच पडू दे ती मशीन," सविता म्हणाली. "सुट्टीच्या दिशी हे तितंच बसत्यात, हाक मारली तरी ऐकू जात न्हाई."

"बुधवारी तुम्ही लावला होता का?"

"मी? मी हात बी लावत न्हाई. सासूबाईंना तर बातम्या बी मीच लावून देते. दुपारी दार लावून झोपत्यात टीव्ही चालू ठिवून. आवाज आसला की झोप लागती म्हनत्यात."

"आणि गाडीचा गेम कुणाचा?"

"त्यो प्रतीक्षाचा, माज्या नणंदेचा. ती लगीन होऊन नाशकाला गेली. आता कोन खेळतंय ते?"

मागच्या दारी सरुबाई, अमृतची आई, पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. सत्तरीच्या, काटक, नजर तिखट. गुलनाज त्यांच्याजवळ टेकली आणि तीही शेंगा सोलायला लागली. सरुबाईंच्या उजव्या अंगठ्याला घट्टा पडलेला तिला दिसला. शेंगा सोलून घट्टा पडतो तो नखाजवळ. हा अंगठ्याच्या पोटावर होता.

"कशानं आलीस गं पोरी?"

"स्कूटरवर, मावशी. त्या नाल्याजवळच्या वळणावर घसरणार होते, खडी आहे."

"वळनात बिरेक दाबला आसशील," सरुबाई शेंगेवरून नजर न उचलता म्हणाल्या. "वळनाच्या आदी दाबायचा. वळनात सोडून द्यायचा. न्हाईतर मागचं चाक सुटतंय."

दारात उभी असलेली सविता हसली. "मामांजी घाटात टरक चालवायचे, त्यांच्याकडनं ऐकलं आसंल. सासूबाईंनी सोता सायकल बी चालीवली न्हाई कदी."

"म्हाईत हाये मला," सरुबाई फटकन म्हणाल्या.

गुलनाजच्या हातातली शेंग तशीच राहिली. एकेक करून सगळं जागेवर बसत होतं, पण मधला एक दाता अजून लागत नव्हता. गाडीच्या डिस्कवर ती पूड येईलच कशाला? आणि मग तिला स्वतःच्याच हातानं लिहिलेली एक ओळ आठवली, आणि तिचे कान तापले.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "तुम्ही दात कशानं घासता?"

सविताला वाटलं, या बाईचं डोकं फिरलं. पण सरुबाईंचा हात कमरेला खोचलेल्या डबीकडे गेला आणि तिथंच थांबला.

५

सविता चहा टाकायला आत गेली. दोघीच उरल्या.

"मशेरी," सरुबाई म्हणाल्या. "तंबाखू भाजून, कुटून करते. पोरगी व्हते तवापास्नं. का गं?"

गुलनाजनं खिशातून एक कागद काढला. दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक मशीनबरोबर ती जपणुकीची चिठ्ठी द्यायची. तसलीच ही होती. तिनं मोठ्यानं वाचली : "धूळ असेल तिथे ठेवू नये. वर कापड टाकून चालवू नये. डिस्कवर चरे असतील तर दात घासायचं थोडं घेऊन मधून बाहेर हळू चोळावं, पुसून मग लावावी."

"व्हय. त्या दिशी पोरगा आला व्हता न्हवं, त्यानंच वाचून दावली मला. लय नीट वाचली."

"आमच्या घरात पेस्टला सगळे 'दात घासायचं' म्हणतात, मावशी. मी पेस्ट लिहायला हवं होतं."

सरुबाईंनी डबीकडे पाहिलं, मग चिठ्ठीकडे. आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला.

"म्हंजे मशीन म्या मोडली?"

"तुम्ही चिठ्ठीत होतं ते केलंत. अगदी तसंच केलंत. मधून बाहेर चोळलीत, पुसलीत. पण मशेरी चऱ्यांत बसली. डिस्क फिरली आणि ती आत उडाली." तिनं आवाज आणखी खाली आणला. "गाडीच्या डिस्कवर चरे फार आहेत ना? रोज लावून लावून?"

सरुबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. "प्रतीक्षानं शिकीवलं मला. ती गेल्यावर सुनं सुनं वाटाया लागलं, मंग दुपारी लावायचे. आमचे हे तीस वर्सं टरक घिऊन खंडाळ्याचा घाट चढले-उतरले. म्या येकदा म्हनलं, मला बी धरू द्या चाक, सपाटीला. तर समदे डायवर हसले. हे बी हसले." त्यांनी अंगठा चोळला. "आता डोंगराच्या रस्त्याला पाच फेऱ्या मारते. निळी गाडी. सा मिंटं अकरा शेकंद. प्रतीक्षाला सात लागायचे."

"सहा अकरा?" गुलनाजला खरंच विश्वास बसेना. दुरुस्तीनंतर दुकानातली तसलीच डिस्क लावून तपासताना तिनंही तोच रस्ता घेतला होता आणि दुसऱ्या वळणावर दरीत गेली होती. "मावशी, सहा अकरा?"

"मेमरीत आसंल बग." सरुबाईंचा आवाज अभिमानानं भरून आला, आणि लगेच त्यांनी तिचा हात धरला. "पन सांगू नगं कुनाला. मागं हसले, आताबी हसतील. म्हातारी गाड्या खेळती म्हनतील."

गुलनाज पेचात पडली. ही बाई चोर नव्हती, तिचं काही चुकलंही नव्हतं. पण ही गोष्ट झाकली तर इर्शादची खुर्ची जाणार होती.

"नाही सांगणार," ती शेवटी म्हणाली. "चिठ्ठी माझी, चूक माझी, असं सांगेन. पूड कुठून आली ते विचारलं तर गप्प बसेन. पण मावशी, अब्बांना वाटतंय की ती इर्शादची तंबाखू आहे. आज संध्याकाळी ते त्याला दुकानातून काढणार आहेत."

"कोन इर्शाद?"

"माझा भाऊ. चिठ्ठी वाचली तो."

सरुबाईंनी शेंगांची सुपली बाजूला सारली.

६

संध्याकाळी अमृत कामावरून आला तेव्हा त्याच्या घरात गर्दी होती. गुलनाज जमिनीवर बसकर टाकून बसली होती, समोर मशीन, शेजारी इर्शाद. इकबालभाईंना रिक्षानं आणलं होतं. ते खुर्चीवर बसले होते, मुलाकडे पाठ करून. गोरख निमंत्रणाशिवाय आला होता. असल्या ठिकाणी त्याला निमंत्रण लागत नसे.

गुलनाजनं चिमूटभर पूड कागदावर काढून ठेवली आणि बाकीची पंपानं उडवली. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं डोळा पुसला, एकदाच, न दाबता. मग तिनं बोलायला सुरुवात केली.

"ठिपका शाबूत होता, म्हणून अमृतभाऊ म्हणाले की घाण दुकानातलीच. बरोबर विचार केला त्यांनी. पण पूड तळाला नाही, कडेनं उडालेली आहे. म्हणजे ती फिरत्या डिस्कवरून आली, ठिपक्यानंतर आली. गोरखला जळका वास आला, अब्बांना तंबाखूचा. दोन्ही खरे. ही भाजलेली तंबाखू आहे. इर्शाद खायचा ती कच्ची असायची."

इकबालभाईंनी कागदावरची चिमूट पुन्हा नाकाशी नेली आणि या खेपेला डोळे मिटून वास घेतला. 

"मंग कुनाची?" अमृत म्हणाला.

"ते महत्त्वाचं नाही. मी चिठ्ठीत..."

"माजी हाये," सरुबाई दारातून म्हणाल्या.

त्या आत आल्या. कमरेची डबी काढून त्यांनी टीव्हीसमोर ठेवली. "चिठ्ठीत व्हतं दात घासायचं लावा. म्या माजं लावलं. त्या पोराला कुनी काय म्हनायचं न्हाई." मग पदराआडून त्यांनी चऱ्यांनी भरलेली डिस्क काढली. "धुऊन आनलीय. लाव गं."

"आई?" अमृत म्हणाला. "तू गाडी खेळतीस?"

"खेळत न्हाई. चालीवते."

ट्रे बाहेर आला, आत गेला. मशीन घुरघुरलं.  दुरुस्ती पूर्ण होते की नाही ते या एका आवाजावर कळतं आणि नऊ वर्षांत तिला त्याची सवय झालेली नाही. घुरघुर थांबली, हलकी सळसळ सुरू झाली, आणि पडद्यावर डोंगर उगवला.

सरुबाई मांडी घालून बसल्या. निळी गाडी सुटली. पहिल्या वळणाला गोरखनं तोंड उघडलं ते मिटायचं विसरला. वळणाआधी ब्रेक, वळणात मोकळी, बाहेर पडताना अंगठा पक्का दाबलेला. तिसऱ्या फेरीला सविता पोळपाट हातात घेऊन दारात आली. पाचवी फेरी संपली तेव्हा पडद्यावर आकडे आले : सहा मिनिटं नऊ सेकंद.

कुणी हसलं नाही. अमृत आईकडे बघतच राहिला. "बाबा आसायला पायजे व्हते," एवढंच तो म्हणाला.

"आसते तर मागं बसीवलं आसतं," सरुबाई म्हणाल्या.

अमृतनं बाजारपेठेच्या ग्रुपवर तिथल्या तिथं लिहून टाकलं : इकबाल रेडिओचं काम एक नंबर, चूक आमच्या घरची, आणि माझ्या आईची वेळ सहा नऊ आहे, कुणात दम असेल तर या. गोरखनं त्याच्याखाली अंगठा टाकला, थोडा उशिरा.

शनिवारी सकाळी इकबालभाई फडकं घेऊन फळीपाशी गेले. गुलनाजनं त्यांना थांबवलं. जपणुकीची जुनी चिठ्ठी तिनं फळीवर ठेवली आणि वर एक स्क्रू ठेवला, उडू नये म्हणून.

"हे काय?"

"मशीन परत आलं नव्हतं, अब्बा. माझा शब्द परत आला. नियम तो नियम."

इकबालभाईंनी चिठ्ठीभोवतीची फळी नीट पुसली. त्या दिवसापासून नवं गिऱ्हाईक आलं की ते त्याला फळीखाली उभं करून ती चिठ्ठी वाचायला लावतात, आणि आपली मुलगी काय आहे ते सांगतात. रिकाम्या फळीबद्दल ते इतकं कधी बोलले नव्हते.

इर्शादला मात्र ते काहीच म्हणाले नाहीत. माफी मागणं त्यांना कधी जमलेलंच नव्हतं. दुपारी लोणावळ्याहून आलेला एक जुना गेम तयार झाला. इर्शादनं दहा वेळा उघडला, दहा वेळा मिटला, स्क्रू आवळले आणि सवयीनं बहिणीपुढे सरकवला. इकबालभाई स्टुलावरून उठले. नेलपॉलिशची लाल बाटली गुलनाजच्या पुढून उचलून त्यांनी मुलासमोर ठेवली.

इर्शादनं वडिलांकडे पाहिलं, मग बहिणीकडे. मग वाकून, श्वास रोखून, त्यानं ठिपका दिला. जरा मोठाच पडला.